काम मागे टाकलं म्हणजे झालं नाही

‘फायर अँड फर्गेट’ हा शब्दप्रयोग आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी लष्कराकडून उचलला. डागल्यावर ज्याच्याकडे बघत बसावं लागत नाही, असं क्षेपणास्त्र. डीआरडीओचं ‘नाग’ हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र याच जातीचं. पण शब्द उचलताना आम्ही अर्थ अर्धाच उचलला. ‘नाग’ डागणारा सैनिक लक्ष्य विसरू शकतो, कारण क्षेपणास्त्र ते विसरत नाही. त्याच्या टोकाशी बसवलेला शोधक शेवटपर्यंत लक्ष्यावर नजर ठेवून असतो. जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली असते, हवेत विरलेली नसते. आमच्या कोडमध्ये काम सुरू करणारा विसरतो आणि ते लक्षात ठेवणारं दुसरं कुणीच नसतं. हे ‘नाग’ नव्हे, दिवाळीत बाटलीत लावलेलं रॉकेट आहे. वात पेटवायची आणि पळायचं. कुणाच्या गॅलरीत शिरलं, ते सकाळी कळेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्या कोडनं एखादं काम मागे, म्हणजे बॅकग्राउंडला, सुरू केलं, त्यानं ते संपेपर्यंत थांबलं पाहिजे. नाहीतर थांबणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती ते रीतसर सोपवलं पाहिजे. तिसरा पर्याय असू नये. प्रोग्रॅमिंग भाषांनी तो सहज हाताशी ठेवू नये, टीमनं तो रिव्ह्यूमध्ये मंजूर करू नये आणि ‘एवढ्या-तेवढ्या कामाला कुठे थांबायचं’ हे वाक्य ऐकून कुणी मान डोलावू नये.

ज्यांचा कोडशी संबंध फोनच्या स्क्रीनपुरताच येतो, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये स्क्रीन रंगवणं, बोटाचा स्पर्श ओळखणं, यादी वरखाली सरकवणं ही सगळी कामं एकच मुख्य थ्रेड करतो. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला काम करणारा एक हात, असं समजा. हा हात नेटवर्कवरून फोटो पाठवण्यात अडकला, तर स्क्रीन गोठते. साधारण ५ सेकंद स्पर्शाला उत्तर मिळालं नाही, की अँड्रॉइड ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी खिडकी दाखवतो. म्हणून वेळखाऊ कामं मागच्या हातांकडे द्यायची. हे योग्यच आहे. बॅकग्राउंडशी माझं काही भांडण नाही. ‘मागे टाकलं’ आणि ‘झालं’ या दोन गोष्टी एकच समजण्याशी आहे.

हा फरक तुम्ही सगळे रोज बघता. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला की आधी छोटं घड्याळ दिसतं, मग एक टिक, मग दोन. घड्याळ म्हणजे मेसेज अजून फोनमध्येच आहे. एक टिक म्हणजे सर्व्हरला मिळाला. दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. पाठवणारं काम मागे चाललंय, तुम्ही पुढचा मेसेज टाइप करायला मोकळे आहात, आणि तरीही ॲप तुमच्याशी खोटं बोलत नाही. कुणीतरी त्या कामासाठी थांबलेलं आहे आणि प्रत्येक टप्प्याची बातमी परत आणतं आहे. थांबणं म्हणजे स्क्रीन गोठवणं नव्हे, एवढं समजायला हे उदाहरण पुरेसं आहे.

आता उलट उदाहरण. समजा, एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते आहे. उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून जोडते, ‘सबमिट’ दाबते, लगेच हिरवी खूण येते. ती ॲप बंद करते. अपलोड मागे चाललेलं असतं. ॲप मेमरीतून जातं आणि त्याच्याबरोबर अपलोडही जातं. आठवड्यानं यादी लागते, तिच्या नावापुढे ‘कागदपत्र अपूर्ण’. चूक कुणाची? नेटवर्कची नाही. नेटवर्क जातंच. तिची तर अजिबात नाही. चूक त्या एका ओळीची, जिनं काम मागे सोडलं आणि त्याच दमात हिरवी खूण काढली. अँड्रॉइडमध्ये अशा कामांसाठी ‘वर्कमॅनेजर’ नावाची सोय आहे. ती काम डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवते, त्यामुळे फोन बंद होऊन सुरू झाला तरी काम विसरलं जात नाही. म्हणजे साधन होतं, ते वापरायचे कष्ट घेतले नाहीत.

अंदाजपंचे थांबणं

न थांबण्याचा एक सभ्य दिसणारा भाऊ आहे. त्याचं नाव ‘स्लीप’. काम मागे सोडायचं, मग ‘स्लीप २ सेकंद’ लिहायचं आणि काम झालं असेल असं गृहीत धरून पुढे जायचं. कुकर लावला, शिट्ट्या मोजल्याच नाहीत, नुसतं घड्याळ बघून झाकण काढलं. डाळ जुनी होती, गॅस मंद होता, रिंग सैल झाली होती, यातलं काहीही घड्याळाला माहीत नसतं. शिट्टी ही आतून आलेली बातमी आहे. घड्याळ हा बाहेरचा अंदाज आहे.

मी काम केलेल्या एका प्रोजेक्टमध्ये टेस्ट अशाच लिहिलेल्या होत्या. लॅपटॉपवर पास, बिल्ड सर्व्हरवर अधूनमधून फेल. प्रत्येक वेळी उपाय एकच: १ सेकंदाचे २ करा, २ चे ३ करा. गणित करून पाहा. ४०० टेस्टमध्ये प्रत्येकी ३ सेकंदांची झोप म्हणजे १,२०० सेकंद, म्हणजे नुसत्या झोपेची २० मिनिटं. एवढं करून सर्व्हरवर ताण आला की टेस्ट पुन्हा फेल. याचा खरा तोटा वेळेचा नव्हता. ‘ती टेस्ट अशीच फेल होते, परत रन कर’ हे वाक्य टीमच्या तोंडी बसलं, हा तोटा होता. एकदा ते बसलं की खरी चूक पकडणारी टेस्टही कुणी गांभीर्यानं घेत नाही.

स्लीपचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. कमी पडला तर बग, जास्त झाला तर वाया. आणि नेमका बरोबर आला, तर तो आजच्या मशीनवर, आजच्या लोडला बरोबर आला. ज्या कोडमध्ये ‘हे काम संपलं’ हे कळण्याची सोयच नाही, तिथे स्लीप येतो. म्हणून स्लीप दिसला की मी सेकंद मोजत नाही. ज्यानं काम सुरू केलं, त्यानं संपल्याचा निरोप मागितला का नाही, एवढंच विचारते.

डोकी मोजायची कधी?

निरोप मागायची साधी पद्धत सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्या कुठल्याही ग्रुपला माहीत असते. सकाळी पायथ्याच्या गावात डोकी मोजायची. वीस. संध्याकाळी गाडी सुटायच्या आधी परत मोजायची. एकोणीस भरली तर गाडी हलत नाही. गो भाषेत याच कल्पनेला ‘वेटग्रुप’ म्हणतात. आत एक आकडा असतो. काम सुरू करताना तो एकानं वाढवायचा, काम संपलं की एकानं कमी करायचा आणि मुख्य फंक्शननं आकडा शून्य होईपर्यंत थांबायचं.

यात एक जुनी, हजार वेळा झालेली चूक आहे. आकडा वाढवण्याची ओळ काम सुरू करण्याआधी लिहायच्या ऐवजी कामाच्या आत लिहिली जाते. म्हणजे काय होतं? लीडर गाडीतून उतरताना कुणालाच मोजत नाही. ज्यानं त्यानं चालायला लागल्यावर स्वतःचं नाव वहीत लिहायचं ठरतं. अजून कुणी वहीपर्यंत पोचायचंय, तेवढ्यात लीडर वही उघडतो. पान कोरं. म्हणजे वर कुणी राहिलेलं नाही! गाडी सुटते. गणित बरोबर, माणसं डोंगरावर.

गोच्या दस्तऐवजांत लिहिलेलं होतं की आकडा आधी वाढवा. तरी लोक चुकत राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या गो १.२५ मध्ये शेवटी वेटग्रुपलाच एक नवी मेथड दिली: ती आकडाही वाढवते आणि कामही सुरू करते, एकाच हातानं. हे मला महत्त्वाचं वाटतं. ‘डेव्हलपरनी काळजी घ्यावी’ असं वर्षानुवर्षं सांगण्यापेक्षा मोजणं आणि पाठवणं या दोन कृती वेगळ्या करताच येऊ नयेत, अशी रचना जास्त कामाची. मी ज्या तिसऱ्या पर्यायाला विरोध करते आहे, तो असाच बंद करावा लागतो. सुविचारानं तो बंद होत नाही.

हे नवं नाही, आम्ही विसरलो

कुणी म्हणेल, ही सगळी आजच्या मल्टिकोअर जमान्याची दुखणी. तसं नाही. मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्ये मल्टिप्रोसेसर यंत्रणेवरच्या निबंधात ‘फोर्क’ आणि ‘जॉइन’ या दोन क्रिया मांडल्या. फोर्क म्हणजे वाट फुटणं, जॉइन म्हणजे वाटा परत मिळणं. जोडी म्हणून मांडल्या. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, डाइक्स्ट्रा यांनी समांतर कामांसाठी सुरुवातीची आणि शेवटची खूण असलेला ब्लॉक वापरला: आतली सगळी कामं संपल्याशिवाय ब्लॉकच्या बाहेर यायचं नाही.

युनिक्सनं तर या नात्याला आईबापाची भाषा दिली. एक प्रोसेस दुसरीला जन्म देते, ती ‘पेरेंट’ आणि नवी ती ‘चाइल्ड’. चाइल्ड संपली की पेरेंटनं ‘वेट’ करून तिचा शेवटचा निरोप घ्यायचा: नीट संपली का, चुकून मेली का. पेरेंटनं तो घेतला नाही, तर संपलेली प्रोसेस यादीतून जात नाही. तिला ‘झाँबी’ म्हणतात. आणि पेरेंटच आधी मेली, तर अनाथ झालेल्या चाइल्डला सहसा पहिल्या क्रमांकाची प्रोसेस, ‘इनिट’, दत्तक घेते आणि तिच्यासाठी वेट करते. म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना कळलं होतं की बेवारस काम ही व्यवस्थेची अडचण आहे आणि तिला कुणीतरी वाली लागतोच.

मग आम्ही नव्या भाषा केल्या आणि वाटा फोडणं सोपं केलं. गोमध्ये फंक्शनच्या आधी दोन अक्षरी ‘गो’ लिहिलं की ते मागे चालू लागतं. त्यानं परत दिलेली किंमत, एररसुद्धा, फेकून दिली जाते. मुख्य फंक्शन संपलं की प्रोग्रॅम संपतो, मागे कितीही कामं अर्धवट असोत. पायथनच्या ‘असिंकआयओ’मध्ये टास्क तयार करून त्याचा संदर्भ जपला नाही, तर काम मध्यावर असतानाच गार्बेज कलेक्टर ते उचलून नेऊ शकतो, कारण इव्हेंट लूप त्याला फक्त कच्च्या धाग्यानं धरून असतो. पायथनच्या दस्तऐवजांतच तशी सूचना आहे. जावात एक्झिक्युटरला काम दिलं आणि परत मिळालेल्या ‘फ्युचर’ला निकाल विचारलाच नाही, तर आतला एक्सेप्शन त्या फ्युचरमध्येच पुरला जातो. काम सोडायला एक शब्द पुरतो. थांबायला मात्र वेगळं शिकावं लागतं, आठवणीनं लिहावं लागतं. उतार ज्या बाजूला असेल, पाणी त्याच बाजूला जाणार.

अपयशाला पत्ता हवा

थांबण्याबद्दल बोलताना लोक फक्त वेळेचा विचार करतात. माझ्या मते थांबण्याचं खरं कारण वेळ नाही, अपयश आहे. काम यशस्वी झालं तर कदाचित कुणी थांबलं नसतं तरी चाललं असतं. फसलं, तर ती बातमी कुणाकडे जाणार? जो थांबलेला आहे, त्याच्याकडे. कुणीच थांबलेलं नसेल, तर पत्ता नसलेल्या पत्रासारखी ती कुठेतरी पडून राहते.

याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण डेटाबेसच्या जगातलं आहे. प्रोग्रॅमनं फाइलमध्ये काही लिहिलं, की लिनक्स ‘लिहिलं’ म्हणून लगेच परत येतो. प्रत्यक्षात तो मजकूर मेमरीत असतो, डिस्कवर मागाहून जातो. म्हणजे प्रत्येक साधं लिखाण हे एक बॅकग्राउंड काम असतं. खात्री हवी असेल, तर ‘एफसिंक’ म्हणायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. हा फाइलचा जॉइन. पोस्टग्रेस हा डेटाबेस दोन दशकं हे नेमानं करत आला. २०१८ मध्ये त्याच्या डेव्हलपरांच्या लक्षात आलं, की मागचं लिखाण फसलं तर कर्नल ती चूक एकदा सांगून नंतर विसरू शकतो. पोस्टग्रेसची समजूत होती, की एफसिंक फसलं तर परत करून बघावं. पण परत केलं तर उत्तर ‘यशस्वी’ असं येत होतं, कारण कर्नलनं ते पान स्वच्छ म्हणून नोंदवून टाकलेलं असे. मजकूर डिस्कवर गेलेलाच नसे.

उपाय काय केला? २०१९ च्या सुरुवातीला आलेल्या आवृत्त्यांत ठरवलं: एफसिंक फसलं की डेटाबेसनं स्वतःहून कोसळायचं आणि नोंदवहीतून, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या लॉगमधून, सगळं पुन्हा उभं करायचं. जगभरच्या महत्त्वाच्या नोंदी सांभाळणाऱ्या लोकांनी विचारपूर्वक काढलेला निष्कर्ष असा आहे: मागच्या कामाचं काय झालं हे माहीत नसताना पुढे चालत राहण्यापेक्षा कोसळणं बरं. आणि आमच्या वेब सर्व्हरमधला पठ्ठ्या म्हणतो, ‘लॉग केलाय ना एरर, पुरे.’

नोडलाही हे उशिरा पटलं. न सांभाळलेलं ‘प्रॉमिस’ फसलं तर आधी नुसता इशारा छापला जायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या नोड १५ पासून प्रोसेसच बंद पडते. पुष्कळ जण वैतागले. माझ्या मते ती सुधारणा होती.

विरोधकांची बाजू

पहिला मुद्दा: थांबलं तर हळू होतं. ही गैरसमजूत आहे. एका पानासाठी तीन सेवांना विचारायचं आहे आणि प्रत्येकीला २०० मिलिसेकंद लागतात. एकामागून एक विचारलं तर ६००. तिघींना एकदम विचारून तिघींसाठी थांबलं तर साधारण २००. समांतर चालण्याचा फायदा पुरता मिळाला आणि थांबणंही झालं. न थांबता जे ‘शून्य’ मिलिसेकंद दिसतात, ते उत्तर न मिळालेल्या प्रश्नाचे आहेत.

दुसरा मुद्दा: एखादं काम कायमचं लटकलं तर? म्हणून थांबण्याला मर्यादा लागते आणि ती संपल्यावर काम रद्द करायची सोय लागते. ‘३ सेकंदांत आलं नाही तर काम थांबव आणि मला सांग’ हेही थांबणंच आहे. स्लीपमध्ये आणि यात फरक असा, की इथे काम लवकर संपलं तर आपणही लवकर सुटतो आणि नाही संपलं तर ते नाही संपलं हे आपल्याला माहीत असतं.

तिसरा मुद्दा जरा वजनदार आहे: सगळ्याच कामांसाठी थांबता येत नाही. ऑर्डरनंतरचा पावतीचा ईमेल, रात्री बनणारा रिपोर्ट, यांसाठी ग्राहकाला कशाला ताटकळत ठेवायचं? मान्य. म्हणून मी सुरुवातीलाच ‘किंवा रीतसर सोपवलं पाहिजे’ असं म्हटलं. घरात दूध गॅसवर ठेवून बाहेर जाताना आपण म्हणतो, ‘दुधाकडे बघ गं.’ आतून ‘हो’ ऐकू आलं की मग चप्पल घालतो. त्या ‘हो’ला फार महत्त्व आहे. कामाची नोंद ऑर्डरच्याच व्यवहारात डेटाबेसमध्ये लिहिली किंवा टिकाऊ रांगेत टाकून तिची पोच घेतली, तर तो ‘हो’ मिळाला. मग सर्व्हर बंद पडला तरी दुसरा कुणी नोंद वाचून काम पुढे नेईल. पण त्याच सर्व्हरच्या मेमरीत एक थ्रेड सोडून देणं म्हणजे रिकाम्या घराला ‘दुधाकडे बघ’ सांगून निघणं.

आणि हे घर रोज रिकामं होतं. कुबरनेटीसवर नवी आवृत्ती चढवताना जुन्या कंटेनरला आधी ‘आवरतं घे’ असा सिग्नल मिळतो, मग ठरावीक मुदत, वेगळं सांगितलं नसेल तर ३० सेकंद, आणि मग थेट मारलं जातं. ज्या सर्व्हरनं आपली मागची कामं मोजलेलीच नाहीत, तो त्या ३० सेकंदांत कशासाठी थांबणार? त्याला वाटतं, सगळं आवरलेलं आहे. ॲमेझॉनच्या लॅम्डावर तर फंक्शननं उत्तर दिलं की आतलं वातावरण गोठवलं जातं. मागे सोडलेलं काम पुढच्या कॉलला अर्ध्यातून जागं होतं किंवा कधीच होत नाही.

एका ठिकाणी मी हेच जवळून पाहिलं. रोज संध्याकाळी डिप्लॉय व्हायचं आणि रोज संध्याकाळच्या काही ग्राहकांना रिपोर्ट मिळायचा नाही. कोडमध्ये एरर नव्हता, लॉगमध्ये एरर नव्हता, डॅशबोर्ड हिरवागार. सपोर्टला बसलेली मुलं रात्री फोनवर शिव्या खात होती आणि ‘सर, परत एकदा रिक्वेस्ट टाकून बघा’ म्हणत होती. ती एक न लिहिलेली ‘थांब’ची ओळ त्या मुलांच्या पगारातून, झोपेतून आणि आवाजातून वसूल होत होती. म्हणून हा मुद्दा मला नुसता तांत्रिक वाटत नाही. आम्ही जिथे थांबत नाही, तिथे आमच्या वतीनं दुसऱ्या कुणालातरी थांबावं लागतं, आणि ती माणसं सहसा आमच्यापेक्षा कमी पगाराची असतात.

चौथा मुद्दा: एरलँगमध्ये हजारो प्रोसेस सुट्या फिरतात, त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही आणि तरी टेलिफोन एक्स्चेंज चालतात. एरलँग माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. तिथे प्रोसेस मरू द्यायला हरकत नसते, कारण वर ‘सुपरवायझर’ बसलेला असतो. मेलेल्याची बातमी त्याला मिळते आणि पुन्हा उभं करायचं की वर कळवायचं, हे तो ठरवतो. तिथेही कुठलंच काम बेवारस नसतं.

ब्लॉकच्या बाहेर काही सांडू नये

डाइक्स्ट्रा यांनी मार्च १९६८ च्या प्रसिद्ध पत्रात ‘गोटू’वर हल्ला चढवला, तेव्हा मुद्दा सौंदर्याचा नव्हता. कोड वाचून त्याच्या चालण्याचा अंदाज करता आला पाहिजे, हा होता. पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, नॅथॅनिएल स्मिथ यांनी तोच हल्ला ‘गो’वर चढवला: फंक्शन परत आलं, पण त्याच्या पोटातून निघालेलं काम अजून कुठेतरी चालू आहे, हे बाहेरून कळत नसेल, तर फंक्शन या कल्पनेलाच अर्थ उरत नाही. त्यांनी ‘ट्रायो’ या पायथन लायब्ररीत ‘नर्सरी’ आणली. मुलं नर्सरीच्या आतच जन्मतात, आणि शेवटचं मूल परतल्याशिवाय नर्सरीचं दार बंद होत नाही. एकानं गडबड केली, तर बाकीच्यांना आवरतं घ्यायला सांगून बातमी वर जाते. या शैलीला ‘स्ट्रक्चर्ड कन्करन्सी’ हे नाव त्याआधी, २०१६ मध्ये, मार्टिन सुस्ट्रिक यांनी दिलं होतं.

यावर गोच्या चाहत्यांनी बरंच नाक मुरडलं. पण पुढे काय झालं पाहा. २०१८ मध्येच कोटलिनच्या कोरुटीन स्कोपवर उभ्या राहिल्या. २०२० च्या सी प्लस प्लस मानकात असा थ्रेड आला, जो मोडीत निघताना आपणहून जॉइन करतो. स्विफ्ट ५.५ मध्ये २०२१ साली टास्क ग्रुप आले. २०२२ मध्ये रस्टनं स्कोपबद्ध थ्रेड आणले आणि त्याच वर्षी पायथन ३.११ नं आपल्या मूळ लायब्ररीत टास्कग्रुप घेतला. जावा २१ पासून तशी सोय ‘प्रिव्ह्यू’ म्हणून दिली जाते आहे. वेगवेगळ्या स्वभावाच्या, एकमेकींशी फारसं न पटणाऱ्या भाषा काही वर्षांत एकाच निष्कर्षाला आल्या. याला फॅशन म्हणून झटकता येत नाही.

तरीही जुनी दारं उघडीच आहेत, आणि घाईत माणूस उघड्या दारानंच जातो. म्हणून भाषा सुधारेपर्यंत नियम टीमनं करावा. रिव्ह्यूमध्ये मागे सोडलेलं प्रत्येक काम दिसलं की तीन प्रश्न: याच्यासाठी कोण थांबणार? किती वेळ? फसलं तर कुणाला कळणार? तिन्हींची उत्तरं कोडमध्ये दाखवता आली नाहीत, तर मर्ज नाही. ‘आत्ता जाऊ दे, नंतर बघू’ हेही चालणार नाही, कारण ते वाक्य म्हणजेच फायर अँड फर्गेट.

हे तीन प्रश्न अव्यवहार्य वाटत असतील, तर बँकांकडे बघा. यूपीआयनं पैसे पाठवताना तुमच्या खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळालेच नाहीत, हा खरं तर मागे अर्धवट राहिलेल्या कामाचाच प्रकार. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात त्यासाठी नियम घातला: असे पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करायचे, आणि उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये द्यायचे. दुकानदाराच्या व्यवहाराला मुदत ५ दिवसांची. वाचून बघा: थांबणारा ठरला, मुदत ठरली, फसल्यावर काय करायचं ते ठरलं. वर न थांबण्याची किंमत ज्यानं थांबायला हवं होतं त्याच्याच खिशातून जाईल, हेही ठरलं.

आमच्या धंद्यात असा दंड कुणी लावत नाही. म्हणूनच ‘होईल मागे’ म्हणणं इतकं स्वस्त आहे. ते महाग करणं आपल्याच हातात आहे. पुढच्या वेळी कुणी मीटिंगमध्ये ‘ते बॅकग्राउंडला टाकलंय’ असं निर्धास्तपणे सांगितलं, तर लाजू नका. सगळ्यांसमोर विचारा: ‘बरं. आणि त्याच्यासाठी थांबलंय कोण?’